तायडे सरांचा समुद्र

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गोव्याचा विषय निघायचा. कोणी मोबाइलवर हॉटेलचे फोटो दाखवायचं, कोणी तिथे काजू कुठे स्वस्त मिळतात ते सांगायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर तपासत बसलेले प्रल्हाद तायडे सर थोडा वेळ ऐकून घ्यायचे आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा खाली आला म्हणजे सर बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गोव्याले जाऊन काय पाहाता? माणसंच पाहाता ना? ते तं आपल्या गांधी रोडवर बी दिसते. समुद्र पाहाचा असन तं गोव्याच्या अलीकडेच उतरा."

"अलीकडे म्हणजे कुठे?"

"सिंधुदुर्गात. जिथं एस्टी बी संपते आन रस्ता बी संपते, तिथं."

लोक हसायचे आणि पुन्हा गोव्याकडे वळायचे. सर चष्मा लावून पेपर हाती घ्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

मी अकोल्याच्या त्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायची, सर जीवशास्त्र. मी अमरावतीची. बडनेऱ्याहून रोज गाडीने येणं-जाणं करायची, त्यामुळे रिकाम्या तासाला मला घरी जाता यायचं नाही आणि सरांचं ऐकायला मी हक्काची सापडायची. बुटका, भक्कम माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा आणि दुर्बीण. अकोल्यात दुर्बीण कशाला लागते, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "काई नाई दिसलं तं प्राचार्य तरी दिसतात, कधी येऊन राहिले ते."

वर्गात खेकडा शिकवायचा असला की दारापासून फळ्यापर्यंत आडवे चालत जायचे. चेहऱ्यावर हसू नाही. मुलं गडबडा लोळायची, आणि खेकड्याचे पाय त्यांना जन्मभर पाठ राहायचे. 'स्पॉट' या शब्दाचा सरांना भारी राग होता. "स्पॉट कपड्यावर पडते. जागेले जागा म्हणा." किनाऱ्यावरून ते शिंपले कधी आणत नसत. रिकाम्या शंखात दुसरा खेकडा राहायला येतो, तेव्हा कोणाचं घर उचलून आणू नये, असं म्हणत.

त्यांची आणखी एक खोड होती. एप्रिलमधल्या भर दुपारी, अकोल्याचं ऊन भिंतीतून आत येत असताना, वरचा पंखा गरम हवा ढवळत असताना, सर मधेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, "आता तिथं ओहोटी लागली असन. लाल खेकडे बाहेर निघाले असतीन." त्यांनी हे कोकणातल्या मच्छिमारांकडून शिकून घेतलं होतं. पुनवेला आणि अमावास्येला दुपारच्या सुमाराला भरती, मग रोज पाऊण तास पुढे. स्टाफरूममधल्या कालनिर्णयात तिथी बघायची की समुद्र कळला.

भौतिकशास्त्राचे ढोरे सर त्यांना चिडवायचे. "तायडे सर, तुमी आन पंचांग?"

"चंद्र कोणाचा हाये, ढोरे सर?" तायडे सर विचारायचे.

ढोरे हसायचे. गोरापान, मोकळ्या गळ्याचा, कोणाच्याही लग्नात वाढायला उभा राहणारा माणूस. स्टाफमध्ये कोणाचं काही अडलं तर आधी ढोरे धावायचे. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते एखाद्या दुष्ट माणसाच्या हातून घडलं असतं तर समजायला सोपं होतं.

सरांचं गाव अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींना खारं पाणी लागतं. चहात साखर टाकली तरी मिठाची चव येते. "मी समुद्राकाठचाच हावो," ते म्हणायचे. "फक्त लाटा नव्हत्या आमच्या इकडे." मी एकदा सहज विचारलं, की गावात विहीर एकच होती का. सर म्हणाले, "दोन होत्या. एक आमची, एक त्यायची. पाणी दोन्हीचं खारंच. तरी दोन होत्या." आणि घंटा झाली म्हणून खडू घेऊन निघून गेले.

त्या किनाऱ्याची आणि सरांची गाठ चुकून पडली. तरुणपणी ते कोल्हापूरला शिक्षकांच्या उजळणी वर्गाला गेले होते. मधल्या सुट्टीत समुद्र बघू म्हणून सावंतवाडीला आले आणि गर्दीत भलत्याच गाडीत बसले. गाडी घाट, माड, खाड्या ओलांडत गेली आणि शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. सर उतरले तेव्हा समोर एक खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र आणि अंगणात कोकमाची सालं वाळत घालणारी एक बाई. तिने मान वर करून विचारलं, "कोणाकडे इलात?"

"कोणाकडेच नाही. समुद्राकडे आलो."

"दर्या खंय पळान जाता? आधी पाणी पिया," ती म्हणाली.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सर त्या घराच्या पडवीत झोपले. बाईचं नाव सुमनताई, तिच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणायचे. त्यानंतर सर दरवर्षी त्या घरी जाऊ लागले. दाजींनी पुढे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. पहिली खोली बांधली ती तायडे सर येतात म्हणून, असं सुमनताई सगळ्यांना सांगायची. सर तिथे पाहुणे नव्हतेच. स्वयंपाकघरात बसून विळीवर नारळ खवायचे, दाजींबरोबर होडीत जायचे, चुलीपुढच्या पाटावर बसून पेज प्यायचे.

आणि परत आले की आम्हाला सांगायचे. खाडीतल्या कांदळवनात होडी शिरते तेव्हा कसा अंधार होतो, झाडांची मुळं चिखलातून बोटांसारखी कशी वर येतात, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, सड्यावर, पहिल्या पावसानंतर जांभळी फुलं कशी पसरतात, किनाऱ्यावरच्या सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुडाची जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यात कशी येते. "लोक म्हणतात कोकणात पाहासारखं काई नाई. हॉटेल नाई, बजार नाई. अरे, म्हणूनच तं पाहासारखं हाये." गावाचं नाव ते मोकळेपणाने सगळ्यांना सांगत. मी इथे लिहीत नाही.

एका वर्षी ढोरे सरच म्हणाले, "तायडे सर, इतके वर्षं ऐकून राहिलो. घेऊन चला बाप्पा एकदा."

सरांना केवढा आनंद झाला. बोर्डाचे पेपर तपासून झाल्यावर एप्रिलच्या शेवटी आम्ही निघालो. तायडे सर आणि त्यांच्या पत्नी रेखाताई, ढोरे सर आणि वहिनी, मी आणि माझा नवरा सुधाकर. रेखाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कमी बोलणारी, बघणारी बाई. त्या घरी त्या याआधी एकदाच गेल्या होत्या. गाडीत सर उतू चालले होते, कुठल्या स्टेशनानंतर उजवीकडे बघायचं ते सांगत होते, आणि रेखाताई खिडकीशी बसून संत्री सोलून सगळ्यांच्या हातावर ठेवत होत्या.

कुडाळला उतरून आम्ही गेलो. मी खोटं लिहिणार नाही, ती जागा सर सांगत त्याहून सुंदर होती. वऱ्हाडात आपण क्षितिज बघतो ते ढेकळांच्या पलीकडचं, धुळीतलं. इथे ते धुतल्यासारखं होतं. घरामागे फणस लगडलेला, अंगणात सुरंगीच्या वाळलेल्या कळ्यांचा वास, आणि दिवसभर लाटांचा आवाज, जो पहिल्या तासात ऐकू येतो आणि मग येतही नाही, फक्त बरं वाटतं. सुमनताईने सरांच्या हातात आल्या आल्या विळी दिली. "नारळ तुमची वाट बघता हत," ती म्हणाली. सर पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. आम्ही माजघरात जेवलो, पितळी ताटांत. बांगड्याची आमटी, भात, सोलकढी.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांची पिल्लं निघाली. गावातल्या पोरांनी अंडी जाळी लावून राखली होती. तळहातापेक्षाही लहान, काळी पिल्लं वाळूवरून पाण्याकडे सरकत होती. एक पिल्लू उलटं पडलं आणि ढोरे वहिनी त्याला उचलून पाण्यात सोडायला निघाल्या.

"हात लावू नका, वहिनी," सर हळूच म्हणाले. "त्यायले त्यायच्या पायानं चालू द्या. चालल्याशिवाय त्यायले किनारा ध्यानात राहात नाई. मोठे झाल्यावर मंग घरी कसे येतीन?"

पिल्लू स्वतःच सरळ झालं आणि पाण्यात गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर लहान मुलासारखे गुडघ्यांवर बसले होते.

दुसऱ्या सकाळी सर मला आणि सुधाकरला सड्यावर घेऊन गेले. खाली अर्धवर्तुळ किनारा, माणूस एक नाही. समुद्रगरुड अगदी आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून तरंगत गेला. सुधाकर फोटो काढायला पुढे गेला तेव्हा मी सरांना विचारलं, "सर, इतकी वर्षं एकाच ठिकाणी येता. कंटाळा नाही येत?"

सरांनी चष्मा काढला. इथे टेबल नव्हतं, तो हातातच धरला.

"मॅडम, अकोल्यात मी तायडे म्हणून सांगतो तं समोरचा गाव इचारते. आमच्या इकडे तायडे दोन्हीकडे असतात ना. गाव सांगितलं की मंग इचारते, गावात कोणत्या बाजूले? मंग त्याचं तोंड सैल होते, नाई तं आवळते. जन्मभर मी ते तोंड पाहून राहिलो. इथं तायडे म्हटलं की लोक 'बरं' म्हणतात. बस. तुमाले गरुड दिसते, कासव दिसते. ते बी हायेच. पण मी या 'बरं'साठी येतो."

सर हसून म्हणाले, "रेखा म्हणते, सांगून टाका एकदा. मी म्हणतो, त्यायनं इचारलं तं सांगीन. लपवत नाई मी. पण न इचारणारं एक तरी घर असू द्या."

त्याच दुपारी जे घडलं ते मला परतीच्या गाडीत सुधाकरने सांगितलं, पण मी घडलं त्या क्रमाने सांगते. सर आणि रेखाताई किनाऱ्यावर गेले होते. मी आत सुमनताईबरोबर कोकम निवडत होते. पडवीत दाजी, ढोरे आणि सुधाकर बसले होते. गप्पा वऱ्हाडातल्या शेतीवर, मग लोकांवर आल्या. दाजींनी सहज विचारलं, "तायडे म्हणजे तुमच्याकडचे मराठेच ना?"

ढोरे हसले. "नाई हो दाजी. तसे तायडे आमच्यात बी असतात. पण हे जयभीमवाले. माणूस मात्र एक नंबर."

दाजी "अच्छा" म्हणाले आणि थोड्या वेळाने उठून आत आले.

मी मराठी शिकवते. त्या 'मात्र'वर मी नंतर पुष्कळ विचार केला. ढोरेंना खरोखर स्तुतीच करायची होती.

रात्रीचं जेवण माजघरात नव्हतं. पडवीत चटया घातल्या होत्या आणि समोर केळीची पानं. सगळ्यांना. आम्ही शहरातली माणसं हरखलो. ढोरे वहिनी म्हणाल्या, "वा, काय मजा." मीही पानाचे दोन फोटो काढले. सर नेहमीसारखे स्वयंपाकघराकडे वळले, तर सुमनताई दारातच उभी. तिने सरांच्या हातात विळी दिली नाही. "ऱ्हवांदेत," ती म्हणाली, "तुमी पावणे." तिची नजर उंबऱ्यावर होती.

सर क्षणभर तसेच थांबले. मग येऊन पानावर बसले. जेवताना त्यांनी ढोरेंना कांदळवनाबद्दल काहीतरी सांगितलंही. जेवण झाल्यावर रेखाताईंनी आपलं आणि सरांचं पान घडी करून उचललं, मागच्या माडाच्या आळ्यात नेऊन टाकलं, आणि नळावर हात धुतले. आदल्या दिवशी सुमनताई कोणाला ताट उचलू देत नव्हती. आज तिने थांबवलं नाही.

मी नळापाशी गेले तेव्हा रेखाताई म्हणाल्या, "मॅडम, पानावर जेवाले चांगलं वाटलं का तुमाले?"

मी हो म्हणाले.

"मले बी लहानपणी लय जेवा लागलं पानावर. गावातल्या लग्नात. सगळ्यायच्या शेवटी."

मला तेव्हा उशिरा उजाडलं. मी म्हणाले, "सरांना कळलं असेल?"

"तुमी काई सांगू नका त्यायले," त्या म्हणाल्या. "त्यायले जे समजाचं ते विळीवरच समजलं."

सकाळी चहा कागदी कपांतून आला. ढोरे वहिनींना तीही सोय वाटली. आम्ही निघताना सुमनताईने सगळ्यांना कोकमाच्या पुड्या दिल्या. सरांनाही दिली, पण ती आमच्या हातात दिली तशी त्यांच्या हातात दिली नाही, ओसरीच्या कठड्यावर ठेवली. सरांनी उचलली. दाजींना नमस्कार केला, "येतो" म्हणाले. दाजींनी मान हलवली.

गाडीत सर खिडकीशी बसले, रेखाताई शेजारी. कुठल्या बाजूला काय बघायचं ते यावेळी कोणी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी नेहमीप्रमाणे फोन केला. दाजी म्हणाले, यंदा खोल्या भरल्या. दिवाळीत केला, खोल्या भरल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही. हे सरांनी मला सांगितलं नाही. रेखाताई एकदा आमच्या अमरावतीच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणते, दुसरीकडे जाऊ ना. समुद्र काई त्याच्या बापाचा हाये? हॉटेलात कोणी काई इचारत नाई. तं म्हणतात, हॉटेलातून समुद्र दिसते, भेटत नाई."

तरी सर लोकांना त्या जागेबद्दल सांगत राहिले. नवीन लागलेल्या शिक्षकांना, जुन्या विद्यार्थ्यांना, बँकेत शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही. विचारणाऱ्याला दाजींचा नंबर देत. मला ते समजत नसे. आपल्याला बंद झालेल्या घराचा पत्ता माणूस दुसऱ्यांना का देतो? कदाचित त्यांना वाटत असेल, की समुद्राचा यात काय दोष. कदाचित देणं थांबवलं तर विचारतील, का थांबवलं, आणि ते सांगावं लागेल.

मग एका जून महिन्यात, कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, ढोरे स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन आले. त्यांच्या मेहुण्याचं कुटुंब आणि ते मे महिन्यात तिथे जाऊन आले होते. "तायडे सर, पाहा. तुमच्याच खोलीत होतो आमी. दाजीनं काय व्यवस्था ठेवली सांगू. आयत्या वेळी फोन केला, तरी लगेच हो म्हणाले."

सरांनी त्या मे महिन्यातही फोन केला होता. मला ते ठाऊक होतं. मी वहीत डोकं घातलं.

सरांनी मोबाइल हातात घेतला. एकेक फोटो हळूहळू सरकवला. ढोरे वहिनी होडीत, मेहुण्याची मुलं वाळूत, माजघरात पितळी ताटांची पंगत, मधे सुमनताई वाढताना. त्या फोटोवर सर थोडं जास्त थांबले. मग मोबाइल परत दिला.

"सुरूच्या झाडावर गरुड होता का?" त्यांनी विचारलं.

"गरुड? नाई बाप्पा, पाहालाच नाई आमी."

"पाहाले पायजे होता," सर म्हणाले आणि नव्या वर्षाचं वेळापत्रक उतरवू लागले. चष्मा त्यांनी काढला नव्हता.

त्या दिवसापासून घड्याळाकडे बघून ओहोटी सांगणं थांबलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन-तीन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात होता. विद्यार्थ्यांनी गर्दी केली होती. एक मुलगा मंचावर आडवा चालून गेला आणि सगळे हसले, सरही हसले. मग ढोरे बोलायला उठले.

"आमाले समुद्र दाखवला तो तायडे सरांनी," ते म्हणाले. "आपण सगळे गोव्यालेच गेलो असतो. आज आमी सगळ्यांनी मिळून सरांले एक भेट द्याचं ठरवलं. त्यायच्या आवडत्या ठिकाणी, त्यायच्या आवडत्या घरी, सर आन वहिनी आठवडाभर राहातीन. तिकिटापासून सगळं झालं. बुकिंग मी माझ्या नावानं करून ठेवलं हाये, सरांले काईच करा लागणार नाई."

टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी लिफाफा सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी बोलावं म्हणून माइक पुढे केला गेला. ते म्हणाले, "मुलं चांगली भेटली मले. तेवढंच सांगतो." आणि खाली बसले.

रेखाताई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, मंचाच्या पायऱ्या चढल्या. त्या नवऱ्याचा हार सावरायला गेल्या असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी सरांच्या हातातून लिफाफा घेतला, ढोरेंच्या समोर गेल्या आणि त्यांच्या हातात ठेवला. माइक चालूच होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"तुमीच जाऊन या, ढोरे सर. तुमाले तिथं ताट भेटते."

आवाजात राग नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांना औषधाची वेळ सांगावी तशा त्या बोलल्या. सभागृहात बहुतेकांना काही कळलं नाही. ढोरे गोंधळून हसले. "ताट? ताट म्हणजे काय, वहिनी?"

"चल रेखा," सर म्हणाले. दोघं खाली उतरले. विद्यार्थी पाया पडायला धावले आणि गलक्यात तो क्षण बुडाला.

कार्यक्रमानंतर ढोरेंनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, काय झालं हो? मी काय चुकलो?"

मी सांगितलं. पडवी, दाजींचा प्रश्न, त्यांचं उत्तर, केळीची पानं, भरलेल्या खोल्या. सगळं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, हा माणूस आता सरांच्या घरी जाईल.

शेवटी ते म्हणाले, "पण मी तं चांगलंच बोललो होतो ना त्यायच्याबद्दल?"

ते सरांच्या घरी गेले नाहीत. बुकिंग वाया जायला नको म्हणून त्या तारखांना स्वतः ढोरे वहिनींना घेऊन कोकणात जाऊन आले. आल्यावर मला कोकमाची पुडी दिली. मी घेतली नाही, तेव्हा त्यांना माझाही राग आला. त्यांच्या दृष्टीने आम्ही सगळे एका साध्या वाक्याचा बाऊ करत होतो.

त्यानंतर सर कोणाला फारसे दिसले नाहीत. रेखाताईंशी फोन व्हायचा. "बरे हायेत," त्या म्हणायच्या. "सकाळीच निघतात दुर्बीण घेऊन. कुठं जातात मले बी सांगत नाईत."

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आणि सुधाकर काटेपूर्णा धरणाकडे गेलो होतो. पाणी उतरून काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. रस्त्यापासून थोडं खाली, बाभळीच्या आडोशाला, एका दगडावर तायडे सर बसलेले दिसले. केस पूर्ण पांढरे झाले होते. दुर्बीण डोळ्यांना लावलेली. सुधाकर गाडी लावायला गेला आणि मी पायवाटेने खाली उतरले.

माझ्याआधी एक कुटुंब तिथे पोचलं. तरुण नवरा-बायको, दोन मुली, नवी कोरी गाडी वर उभी. नवऱ्याने अदबीने विचारलं, "काका, इथे बाहेरच्या देशातले पक्षी येतात म्हणे. कुठे दिसतील? मुलींना दाखवायचे होते."

सरांनी दुर्बीण खाली घेतली. मुलींकडे बघितलं.

"इथं काई नाई," ते म्हणाले. "चुकीचं सांगितलं तुमाले कोणी. पुढे जा, पुढे बगिचा हाये, झोके हायेत."

"पण तुम्ही तर दुर्बीण..."

"मी असाच बसलो."

ते लोक थोडे घुटमळले आणि वर चढून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सरांनी वळून बघितलं तेव्हा मी दिसले. मी सगळं ऐकलं होतं, हे त्यांना कळलं. ते ओशाळले नाहीत. दगडावर थोडे सरकले आणि म्हणाले, "बसा."

मी बसले. रेखाताईंची चौकशी केली, त्यांनी सांगितलं. माझ्या मुलीचं विचारलं, मी सांगितलं. समोर, बरंच आत, पाण्यावर तपकिरी-केशरी ठिपक्यांचा मोठा थवा उतरला होता. मधेच काही उडायचे, उन्हात पांढरे पंख चमकायचे आणि पुन्हा पाण्यावर बसायचे. कुठून कुठून आले असतील. पूर्वी अशा वेळी सरांनी मला त्यांचं नाव सांगितलं असतं, ते कोणते पहाड ओलांडून येतात ते सांगितलं असतं, नर-मादी कशी ओळखायची ते सांगितलं असतं, आणि दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली असती. मी वाट बघितली. दुर्बीण त्यांच्या मांडीवरच होती.

शेवटी मीच विचारलं, "सर, कोणते आहेत हे?"

"बदकं," ते म्हणाले.